टिकून राहिला

माझी मराठी शुद्ध आहे. पूर्वी हे मी मान वर करून सांगायचे, आता नुसतं सांगते. पुण्यात वाढले. वडील शाळामास्तर, जेवताना आमच्यापैकी कोणी 'मी आली' म्हणालं तर त्यांचा वाढता हात थांबायचा, आणि 'आले' अशी दुरुस्ती झाल्यावरच भात पानात पडायचा. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा दोन ट्रंका, भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. आणि ही मराठी, एवढाच माझा ऐवज होता. धरमपेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं आणि वर्षभरात एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची तात्पुरती नोकरी. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. तुळशीराम गजभिये मला तिथे भेटले. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की माझ्या मराठीबद्दल लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.

पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी मला मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत जाऊन गजभिये सरांना भेटायला सांगितलं. दाराशी शामराव शिपाई स्टुलावर बसला होता. सर आहेत का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "येऊन राहिले ना बाई." मला वाटलं, आले आणि राहिले, म्हणजे आत आहेत. मी आत गेले. कोणी नाही. कपाटामागे पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, शेवटी एका मोठ्या टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. पाऊण तासानं एक काटकुळा माणूस सायकल हातात धरून येताना दिसला आणि शामराव त्याला म्हणाला की, पुण्याच्या बाई तुमाले टेबलाखाली शोधून राहिल्या.

गजभिये हसले नाहीत. उलट मला बसवून त्यांनी नीट समजावून सांगितलं. "इकडं 'राहिला' म्हटलं म्हणजे चालू आहे, बाई. माणूस रस्त्यात आहे, काम अर्ध्यात आहे. झालं की मग नुसतं आला, नाहीतर गेला." म्हणजे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुद्दाम सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल, बिचारीला ठाऊक नसेल.

पांढरा हाफशर्ट, आणि त्याचा डावा खिसा कायम खाली ओघळलेला, कारण त्यात नालाच्या आकाराचा एक लोहचुंबक असायचा. हा चुंबक घेऊन ते लोकांच्या घरी जात. चहा येईपर्यंत यजमानांचंच स्टूल ओढून त्यावर चढायचे, चुंबक ट्यूबलाइटजवळ धरायचे, आणि आतला उजेड थरथरत एका अंगाला सरकला की खाली पाहून म्हणायचे, "दिसलं का? हात न लावता हलवला." आमच्या घरीही हे झालं. आमच्या ह्यांना वाटलं होतं सर ट्यूब दुरुस्त करताहेत. खिशात हा चुंबक बाळगल्यामुळे त्यांच्या मनगटावर एकही घड्याळ धड चालत नसे. तीन बंद पडल्यावर त्यांनी नादच सोडला होता. दिवसातून दहा वेळा विचारायचे, "बाई, किती वाजून राहिले?" मीही सवयीनं सांगायचे.

त्यांचा विषय होता प्लाझ्मा. वायू इतका तापवायचा की त्याच्या अणूंचेच तुकडे मोकळे होतात, तो प्लाझ्मा. सूर्यात तोच असतो, आणि तो पुरेसा तापवून पुरेसा वेळ धरून ठेवता आला तर सूर्यासारखी ऊर्जा इथे खाली काढता येईल, अशी जगभर खटपट चालली होती. अडचण अशी की त्याला कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही. भांड्याला लागला की तो विझतो. म्हणून त्याला चुंबकानं अधांतरी धरायचं. गजभिये म्हणायचे, "सूर्याले भांडं लागत नाही. तो आपल्याच वजनानं धरून ठेवते. आपल्यापाशी तेवढं वजन कुठं आहे?" रशियात बांगडीच्या आकाराच्या पोकळ भांड्यात प्लाझ्मा फिरवत ठेवतात, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. बांगडीला टोक नसतं, म्हणून निसटायला दार नसतं. त्यांनी ठरवलं, आपणही एक बांगडी करायची.

ही बांगडी काचेची, परातीएवढी. एका काच फुंकणाऱ्या कारागिराकडून चार तुकड्यांत करून घेतलेली. तिच्याभोवती तांब्याची वेटोळी, ती स्वतः बसून गुंडाळलेली. सांध्यांतून हवा शिरू नये म्हणून ते लाख लावायचे, आणि ही लाख आणायचे बांगड्या भरणाऱ्या कासारणीकडून. ती विचारायची, इतकी लाख कोणाच्या बांगड्यांना, तर हे सांगायचे, "एकच आहे. मोठी आहे." हवा कुठून गळते ते शोधायला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा एकेका सांध्यावरून फिरवायचा, जिथे भोक असेल तिथून स्पिरिटची वाफ आत शिरते आणि आतल्या गुलाबी उजेडाचा रंग पालटून निळसर पांढरा होतो. हे काम त्यांच्याइतकं मन लावून करणारा माणूस मी पाहिला नाही. दिवस दिवस जायचे. मी कंटाळून बाहेर यायचे, आणि आतून त्यांचा आवाज यायचा. प्लाझ्माशी बोलत असत. "थांब न बे जरासा. असा काहून करून राहिला?"

ते मूळचे कुहीकडचे. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीवर पाणी धरायला होते. बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं खाचर. एकदा वर्गात एका मुलानं विचारलं, चुंबक एवढा जोरकस असूनही प्लाझ्मा निसटतो कसा? पुस्तकात समीकरण होतं. गजभियेंनी फळ्यावर बांधी काढली. म्हणाले, बांध फुटून पाणी गेलं असं क्वचित होतं. पाणी जातं खेकड्याच्या बिळातून. लहानपणी आमचं काम तेच, बांधावरून चालायचं, बीळ दिसलं की चिखलाचा गोळा कोंबायचा. तोवर खेकड्यानं दुसरीकडे पोखरलेलं. मग एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं: "पाणी कोंडता येत नाही. पाणी धरा लागते." घरच्यांबरोबर दीक्षा घेतली तेव्हा ते कॉलेजात होते. देव्हारा काढल्यावर वडिलांनी विचारलं, आता सकाळी उठून काय करायचं रे? हे म्हणाले, अभ्यास. एवढंच ते त्याबद्दल कधीतरी बोलले, आणि तेही मी विचारलं म्हणून.

आता नोंदवहीकडे येते. आम्ही बाकीचे सगळे नोंदी इंग्रजीत लिहायचो. गजभिये लिहायचे मराठीत, आणि तीही त्यांच्या तोंडची. हाताशी चाललेलं काम डोळ्यांनी पाहत पाहत लिहायचं, तिथे भाषांतराला वेळ कुठे, असं त्यांचं म्हणणं. 'पंप चालू होऊन राहिला.' 'गुलाबी येऊन राहिला.' 'आता फडफड करून राहिला.' एका बाजूला वेळ, एका बाजूला आकडे, मधे ही वाक्यं. वाचताना मला हसू यायचं. मी एकदा म्हटलंही, सर, हे व्याकरण कुठलं? तर म्हणाले, "कुहीचं."

त्या सुमारास बातमी आली की देशाच्या पश्चिम भागात याच विषयाची एक मोठी प्रयोगशाळा निघते आहे. देशभरातून थोडी माणसं घेणार. प्रत्येकानं आपल्या कामाचा दोन पानी सारांश इंग्रजीत पाठवायचा. वयाची अट होती, आणि गजभियेंची ती सहा महिन्यांत संपत होती. म्हणजे ही एकच संधी. ते त्याबद्दल फार बोलले नाहीत, पण त्यांनी नवी चप्पल घेतली आणि घरी मुलीला सांगून ठेवलं की कदाचित शाळा बदलावी लागेल. शामरावसुद्धा आल्यागेल्याला सांगायचा, "सर मोठ्या जागी जाऊन राहिले."

सांगण्यासारखं काम त्यांच्याकडे होतं. वेटोळ्यातला प्रवाह बराच कमी केला तरी बांगडीतला प्लाझ्मा धरलेला राहतो, इतरांच्या अंदाजापेक्षा कमी चुंबकावर राहतो, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं होतं. चमत्कार नव्हता तो. पण खरं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

सारांश लिहायच्या आठवड्यात कुहीहून निरोप आला, वडील अत्यवस्थ आहेत. गजभियेंनी नोंदवही माझ्या हातात दिली, अर्जावर सही करून ठेवली आणि म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे बाई. तुम्हीच लिहा. मले पाहायची गरज नाही." मी दोन दिवस बसून लिहिलं. मन लावून लिहिलं, हेही खरं. शेवटच्या प्रयोगाच्या पानावर तळाला त्यांच्या अक्षरात होतं: 'वेटोळ्याचा प्रवाह बंद करून राहिलो. टिकून राहिला. दोन घरं.' घरं म्हणजे यंत्राच्या पडद्यावरचे चौकोन, त्यावरून वेळ मोजायची.

बोलण्यात मला त्यांची भाषा एव्हाना पक्की कळत होती. वाचताना मात्र मी पुण्याची व्हायचे. मी वाचलं: प्रवाह बंद करून थांबलो, तरी प्लाझ्मा टिकला. चुंबक नसताना टिकला! सारांशाचं पहिलंच वाक्य मी त्यावर उभं केलं. त्यांना म्हणायचं होतं ते इतकंच की, प्रवाह हळूहळू बंद करतो आहे, प्लाझ्मा अजून टिकतो आहे. पान उलटल्यावर पुढच्या पानावर पहिल्याच ओळीत एक शब्द होता: 'गेला.' तो मी पाहिला होता. मला वाटलं, त्या दिवसाचा प्रयोग संपला असं लिहिलंय.

वडिलांचं सगळं उरकून गजभिये परत आले तोवर सारांश गेला होता. त्याची कार्बन प्रत मी त्यांच्या खणात ठेवली. ती त्यांनी उघडली नाही. तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, म्हणाले. महिन्याभरात उत्तर आलं की निष्कर्ष फार उल्लेखनीय आहेत, आम्ही तिघं जण स्वतः पाहायला येतो. कॉलेजात पेढे वाटले गेले. विभागप्रमुखांनी पहिल्यांदा गजभियेंच्या खांद्यावर हात ठेवला.

ते लोक मे महिन्यात आले. प्रमुखांच्या खोलीतला कूलर सोडून कोणाला बाहेर यावंसं वाटत नव्हतं, पण आले. गजभियेंनी शर्टाला खळ घातली होती आणि चुंबक त्या दिवशी खिशात नव्हता. बांगडी पेटली. गुलाबी कडं काचेला न लागता मधोमध उभं राहिलं. पाहुण्यांतले सर्वांत वडीलधारे होते ते वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले, छान आहे म्हणाले, आणि म्हणाले, आता वेटोळी बंद करा.

गजभिये म्हणाले, बंद केली तर जाईल, सर.

त्या वडीलधाऱ्या पाहुण्यांनी शांतपणे फायलीतून सारांश काढला आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवून पुढे धरला. गजभियेंनी वाचला. इंग्रजी वाचताना त्यांचे ओठ किंचित हलत, तसे हलले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. रागानं नव्हे; घड्याळात किती वाजले विचारताना पाहायचे तसं. आणि वळून त्यांनी बटण फिरवलं. कडं पसरलं, काचेला लागलं, विझलं.

"गेला," ते म्हणाले.

मग इंग्रजीत, सावकाश, शब्द जुळवत म्हणाले की नोंद माझ्या हातची आहे, लिहिण्यात चूक माझी झाली. नोंदवही माझ्या हातात होती, त्याच पानाशी उघडलेली. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. 'भाषांतर माझं आहे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्या आठवड्यात प्रमुखांच्या टेबलावर पडला होता. मी बोलले नाही. लाज वाटली, भीती वाटली असं काहीतरी मी नंतर स्वतःला सांगत आले, पण खरं म्हणजे त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. पंपाचा आवाज येत होता तो मी ऐकत होते.

पाहुण्यांना गाडीकडे नेताना दारातच प्रमुख म्हणाले की आम्ही सांभाळून घेतो हो, पण पायाच कच्चा असला की असं व्हायचंच. कोणत्या पायाबद्दल बोलताहेत ते सगळ्यांना कळलं. मी चहाच्या बशा गोळा करत होते.

दुसऱ्या दिवशी मी गजभियेंना म्हटलं, मी त्यांना पत्र लिहिते, सगळं सांगते. लिहिलंही होतं, पर्समध्ये होतं. ते बांगडीवरची लाख चाकूनं खरवडत होते.

"काहून?" ते म्हणाले. "तुम्ही खोटं कुठं लिहिलं? तुमच्या मराठीत ते तसंच होते."

मी म्हटलं, पण तुमची संधी गेली.

"लिहिणाऱ्यानं पाहा लागते, वाचणारा कुठला आहे. राहू द्या, बाई."

राहू द्या म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. ते पत्र मी टाकलं नाही. त्याच महिन्यात मला कायम केलं आणि त्यांची वयाची अट पावसाळ्यात संपली. बांगडी कोठीघरात गेली. नवी खुर्ची ठेवायला जागा हवी म्हणून ती कपाटावर गेली, आणि तिथून कुठे गेली ते मी विचारलं नाही.

यानंतरची गोष्ट तशी काहीच नाही. पुढच्या सोमवारी मी प्रॅक्टिकलसाठी बोलवायला गेले तर गजभिये म्हणाले, "मी जेवतो आहे. पाच मिनिटांत येतो." मी दारातच थांबले. 'जेवतो आहे.' एकेक अक्षर पारखून घेतल्यासारखं. मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून माझ्यासमोर त्यांच्या तोंडून 'करून राहिलो' कधी आलं नाही. 'मले' नाही, 'काहून' नाही. नोंदवही इंग्रजीत गेली, आणि त्यात नोंदवायलाही फारसं काही उरलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलांचे लंबक आणि भिंगं. महिन्याभरानं त्यांच्या मनगटावर घड्याळ आलं. ते अगदी बरोबर चालायचं. मला वेळ विचारायची त्यांना गरज पडेना. शामराव एकदा म्हणाला, "सर पुण्याचे होऊन राहिले काय, बाई?" मी त्याच्यावर खेकसले. अजून आठवलं की वाईट वाटतं, त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं?

भांडण नव्हतंच. माझ्या मुलाच्या मुंजीला आले, जेवले, आहेर करून गेले. ट्यूबकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बारा वर्षं आम्ही एकमेकांशी शुद्ध मराठीत बोललो. माझ्या वडिलांनी एकही घास अडवला नसता इतक्या शुद्ध.

मग त्यांच्या छातीनं दगा दिला. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते कन्हानला मुलीकडे राहायला गेले. ती तिथे शाळेत शिक्षिका होती. मी जाऊ जाऊ म्हणत वर्ष काढलं आणि एका रविवारी दुपारच्या बसनं गेले. पुढच्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. शर्टात नुसता सांगाडा उरला होता. मनगटावर घड्याळ नव्हतं, सैल होऊन पडतं म्हणून काढून ठेवलं, असं मुलगी म्हणाली. खिडकीत तिचं शिवणकाम होतं, आणि तो नाल चुंबक तिथेच, सगळ्या टाचण्या अंगाला चिकटवून.

मुलगी चहा करायला आत गेली. मी म्हटलं, सर, ते पत्र मी टाकलंच नव्हतं. तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही. मला टाकायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मी पाठ करून ठेवलेलं एवढं एकच वाक्य होतं, ते म्हणून झालं आणि पुढे काय करायचं ते सुचेना.

ते खिडकीकडे पाहत होते. खोकल्याची एक उबळ आली, गेली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, मान हलवली नाही, माफ केलं वगैरे तर अजिबात म्हणाले नाहीत. आतून कपबशीचा आवाज आला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, जे आजारी माणसाला कोणीही विचारतं ते: आता बरं वाटतंय ना?

ते वाक्य जुळवताहेत असं मला वाटलं, माझ्यासाठी जुळवायचे तसं. मग त्यांनी श्वास घेतला.

"टिकून राहिलो, बाई."

कोणत्या मराठीत ते मी विचारलं नाही. चहा आला, तो आम्ही प्यालो. बसची वेळ झाली तेव्हा मी उठले आणि ते दारापर्यंत येऊ लागले, त्यांना मुलीनं बसवलं.

पंधरा दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं. वर तारीख, खाली सही, मधे दोन शब्द: 'बाबा गेले.' एवढं मात्र त्यांच्या मराठीत आणि माझ्या मराठीत सारखंच आहे.